करंजीचा वाकडा कंगोरा

भाचीच्या लग्नाला महिना झाला आणि ती नवऱ्याबरोबर समुद्राकाठी फिरायला गेली. तिथून तिनं मला एक फोटो पाठवला. पांढरी बशी, बशीत एक उघडा शिंपला, शिंपल्यात लोण्यात परतलेलं गोल पांढरं काहीतरी. खाली लिहिलं होतं, ‘मामा, याला स्कॅलप म्हणतात. शिंपल्याची कड पाहा आणि कोणाची आठवण येते ते सांगा.’

मी चष्मा शोधेपर्यंत बायकोनं फोन ओढून घेतला.

“अवो, स्कॅलप तं बाहीले असते नं? ब्लाउजच्या? पोट्टी ते खाऊन राहिली काय?”

आमच्या घरात अंडं उकडायचं झालं तर गच्चीवर वेगळी शेगडी पेटते. तेव्हा शिंपल्यातला जीव लोण्यात परतून खातात हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, “खाऊ दे बाप्पा, लग्न झालं आता तिचं.”

स्कॅलप हा शब्द मलाही आमच्या गल्लीतल्या लेडीज टेलरनंच शिकवलेला. मी अमरावतीच्या एका शाळेत चौतीस वर्षं चित्रकलेचा मास्तर होतो. आम्ही त्याला कंगोरे म्हणायचो. अर्ध्या अर्ध्या चंद्रकोरी एकीला एक चिकटून बसल्या की झाली कंगोऱ्यांची कड. शाळेच्या कपाटात वस्तुचित्रासाठी असाच एक शिंपला होता, पंख्यासारखा पसरलेला. समुद्र न पाहिलेली आमची पोरं तो समोर ठेवून कोंबडीचा पाय काढायची. चिखलदऱ्याला सहल नेली तर मी किल्ल्याच्या बुरुजावरचे कंगोरे मोजत बसलो आणि पोरं माकडांनी पळवलेले डबे शोधत बसली. उशीच्या अभ्र्याला कंगोरे, सोड्याच्या बाटलीच्या बुचाला कंगोरे, सव्वीस जानेवारीच्या तक्त्याला तर पाहिजेतच. एकदा हे वेड लागलं की माणसाला सरळ कड दिसतच नाही.

एकदा बायकोला बाहीला स्कॅलप पाहिजे होते. मी कर्कटक घेऊन गुलाबी पुठ्ठ्यावर अकरा कंगोरे काढले, केसाचाही फरक नाही. टेलरनं पुठ्ठा उलटासुलटा पाहिला.

“सर, पुठ्ठ्यावर झकास हाय. पण आपल्याले वहिनीच्या दंडावर बसवाचे हायेत.”

मग त्यानं खडू घेतला, खिशातून एक जुनी बांगडी काढली आणि तिच्या अर्ध्या गोलावरून भराभर रेषा मारत गेला. शेवटचा कंगोरा चेपल्यासारखा आला. मी म्हटलं, हा लहान झाला. तो म्हणाला, “शेवटचाच हाय सर, जागा भेटन तिथं बसते तो.” मी अर्धा तास त्याच्याशी भांडलो. तेव्हापासून बायको मला टेलरकडं नेत नाही.

ही माझी खोड साधी नाही, रोग आहे. चौतीस वर्षं पोरांच्या चित्रावर पेन्सिल फिरवल्यानं माझा हात दुसऱ्याच्या वाकड्या रेषेकडं आपोआप जातो. न्हाव्याच्या दुकानाची पाटी मी त्याला न विचारता सरळ केली आहे. शेजारणीच्या सुनेनं अंगणात काढलेली रांगोळी मी दूध आणायला जाताना बोटानं नीट करत होतो, तेव्हा ती सून दारात उभी राहून माझ्याकडं पाहत होती. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायको म्हणाली, “तुमचे हात बांधून ठेवाले पाह्यजे.” तिचं बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता कोणाची आठवण आली ते सांगतो.

माझी थोरली बहीण अकोल्याला असते. आम्ही तिला बाई म्हणतो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर वावरात, म्हणून मला अंघोळ घालण्यापासून कान पिळण्यापर्यंत सगळं बाईनंच केलं. ती कोणाचं ऐकत नाही, कोणाला घाबरत नाही, आणि करंजीची मुरड तिच्यासारखी साऱ्या गोतावळ्यात कोणाची नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात रुखवतावर पितळी परातीएवढी एक करंजी असते, आणि ती बाईचीच असते. पारीची कड चिमटीत धरायची, दुमडायची, दाबायची, की पुढची चिमूट. परातीएवढ्या करंजीला चाळीस-पंचेचाळीस कंगोरे येतात. बाईचे पंचेचाळीसच्या पंचेचाळीस सारखे यायचे, आणि तिनं कर्कटक जन्मात हातात धरलेला नव्हता.

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तूंची मांडणी. पण आमच्याकडं ती तोंडी परीक्षा असते. वराकडच्या बाया एकेका वस्तूसमोर थांबतात आणि विचारतात, “हे कोणाच्या हातचं?” जिच्या हातचं असेल तिनं पुढं व्हायचं. बाई दरवेळी ठेवणीतलं पातळ नेसून करंजीच्या शेजारीच उभी असायची, म्हणजे पुढं व्हायला वेळ जायला नको.

मागच्या दिवाळीनंतर बाईला लकव्याचा झटका आला. जीभ वाचली; ती जाण्यासारखी नव्हतीच. पाय हळूहळू ताळ्यावर आले, काठी घेऊन ती चालायला लागली. पण उजव्या हाताची बोटं आली नाहीत. कपबशी धरता येई, चिमूट होत नव्हती. आणि तेव्हाच तिच्या एकुलत्या एका, उशिरा झालेल्या पोरीचं लग्न ठरलं.

भाची म्हणाली, आई, करंजी बाजारातून आणू. कोणी म्हणालं, साचा आणू, कोणी म्हणालं, कातणानं कड कापून घेऊ. बाईनं सगळ्यांना गप्प केलं.

“साच्यातली करंजी म्हंजे छापेल पत्रिका. नाव बदलवा अन् कोणालेबी वाटा.”

त्या दिवशी तिनं मला फोन केला. आधी पाहुण्यांची यादी झाली, मंडपवाल्याला शिव्या झाल्या, आणि मग ती मूळ मुद्द्यावर आली.

“बाबू, साऱ्या दुनियेच्या पोरीईच्या रुखवतात माही करंजी गेली. अन् माह्याच पोरीच्या रुखवतात माह्या हातचं काहीच नसन काय रे?”

बाई रडत होती. मी साठीत आलो, पण बाईला रडताना ऐकलं नव्हतं. बाप गेला तेव्हाही ती आधी आम्हा सगळ्यांना जेवायला वाढत होती. मी म्हणून बसलो, “मी शिकतो नं बाई मुरड. तू सांगजो, मी करतो.”

“तुले जमन?”

“चित्रकलेचा मास्तर हावो मी.”

“म्हणूनच इचारून राहिली,” ती म्हणाली.

मग दर रविवारी मी अकोल्याला जायला लागलो. बाई खुर्चीवर, मी खाली पाटावर, मध्ये भिजवलेल्या मैद्याचा गोळा ओल्या फडक्याखाली. तिच्या डाव्या हातात उलथनं असायचं. चिमूट मोठी झाली की उलथनं माझ्या बोटांवर पडायचं. “कान पिळतो तशी धर. त्वा कोणाचा कान पिळला नाई काय शाळेत?” मी म्हटलं, बाई, आता कायद्यानं बंदी आहे. “म्हणूनच मुरड गेली दुनियेतून,” बाई म्हणाली.

पहिल्या रविवारी माझ्या सातही करंज्या तेलात उघडल्या आणि कढईभर सारण पोहायला लागलं. दुसऱ्या रविवारी तीन टिकल्या. घरी मी रोज संध्याकाळी कणकेवर सराव करायचो, आणि सरावाच्या पोळ्या आम्ही दोघं जेवायचो. बायको म्हणे, “आज पोळीले कंगोरे, उद्या भाताले घालान.” एसटीतसुद्धा डब्यातून गोळा काढून मी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मुरड घालत बसायचो. एकदा कंडक्टर तिकीट द्यायचं विसरून पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, घरी बाई नाई काय?” मी म्हटलं, “आहे. तिच्यासाठीच करून राहिलो.” तो भलतंच समजला आणि डोळे पुसत पुढं गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, बाईच्या स्वयंपाकघरात, मी ती परातीएवढी पारी लाटली, सारण भरलं, दुधाचा हात लावून कड मिटली आणि मुरडीला बसलो. बाई शेजारी खुर्चीवर. उलथनं मांडीवर तसंच पडलेलं. त्रेचाळीस कंगोरे झाले आणि टोकाला एकाची जागा उरली.

“थांब,” बाई म्हणाली. “हा माहा.”

मी करंजी परातीत ठेवून परात तिच्या मांडीवर धरली. उजव्या हातानं तिनं करंजी नुसती दाबून ठेवली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत कड धरायला लागली. कड निसटे. ती पुन्हा धरे. तिच्या कपाळावर घाम आला. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. शेवटी एक चिमूट बसली. मांजराच्या पिल्लाच्या कानासारखा एक कंगोरा टोकावर उभा राहिला, एकीकडं झुकलेला, बाकीच्यांपेक्षा जाड.

बाई त्याच्याकडं पाहून खदखदून हसली. “बसला बावा! भैताड दिसते, पण बसला.” आणि त्या आनंदात ती मेंदी काढून घ्यायला पुढच्या खोलीत गेली. काठी न घेता गेली, हे मला अजून आठवतं.

आणि मी काय केलं?

तेल तापत होतं. मी परात ओट्यावर ठेवली. चव्वेचाळीस कंगोऱ्यांतले त्रेचाळीस एका ओळीत, आणि टोकाचा तेवढा वाकडा. माझा हात गेला. मुद्दाम नाही गेला, पण मला कळलं नाही असंही नाही. मी तो कंगोरा हलकेच उलगडला, पुन्हा चिमटीत धरला, दुमडला, दाबला. सरळ झाला. आता कोणाला ओळखू येणार नाही, असं वाटून मी खूशही झालो. करंजी तळली. एक कंगोरा उघडला नाही. सामानाची यादी न्यायला आलेला आचारीसुद्धा वाहवा करून गेला.

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयात रुखवत मांडलं. क्रोशाचे रुमाल, शंखशिंपल्यांचा मोर, गव्हाच्या काड्यांचं देऊळ, आणि मधोमध करंजी. बाई ठेवणीतलं पातळ नेसून तिच्या शेजारी उभी. वराकडच्या बायांच्या पुढं वराची आत्या होती. परतवाड्याची, उंच, खणखणीत आवाजाची. तिनं रुमाल पाहिले, मोर पाहिला, आणि करंजीसमोर थांबली.

“बाप्पा! मुरड पाहा वो! इहीनबाई, हे कोणाच्या हातचं?”

आमचं सगळ्यांचं आधीच ठरलं होतं की बाईचं नाव सांगायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईच म्हणाली, “माह्या भावाच्या. माह्या हाताले लकवा हाय. त्यानं शिकून केली.” आणि मान जराशी वर करून, “यातला एक मातर माहा हाय. दाखवतो तुमाले.”

ती वाकली. टोकाजवळ तिनं बोट नेलं. मग बोट मागं सरकलं, पुन्हा पुढं आलं. तिला वाटलं असावं, परात फिरवून ठेवली असेल. ती दुसऱ्या टोकाला गेली. मग एकेका कंगोऱ्यावरून बोट फिरवत पूर्ण कड पाहिली. बाया थांबलेल्या. आत्याही वाकून पाहायला लागली. “इथंच होता,” बाई म्हणाली. “वाकडा होता. दिसला असता.”

चौतीस वर्षांत मी किती पोरांची चित्रं अशी सरळ केली असतील, देव जाणे. त्यांपैकी एखादं घरी जाऊन आपली रेषा शोधत बसलं असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“बाई,” मी म्हटलं, “तो मी सरळ केला.”

बाईनं माझ्याकडं पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“काहून?” तिनं विचारलं.

मला लाज वाटली, दुसरं काही नाही. साठ वर्षांचा माणूस मी, साऱ्या बायांसमोर रडायच्या बेताला आलो.

“चाल माह्यासंगं,” बाई म्हणाली.

ती काठी टेकत थेट मागं आचाऱ्याकडं गेली. तिथं पुऱ्या तळणं चाललं होतं. बाईनं पुरीच्या कणकेतला एक गोळा मागितला, मूठभर साखर मागितली, खोबरं मागितलं. स्टुलावर बसली. एकाला पुरी लाटायला लावली आणि मला समोर उभं केलं.

“हात मांगं.”

“बाई, मी नुसती पुरी धरतो नं—”

“हात मांगं म्हटलं नं!”

मी हात मागं बांधले. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा, फेटा बांधून, कुंकवाचा टिळा लावून, मी आचाऱ्याच्या कढईसमोर उभा राहिलो. बाईची डावी बोटं कडेशी झगडायला लागली. पहिला कंगोरा चपटा, दुसरा टोकदार, तिसरा निसटला. माझी बोटं पाठीमागं आपोआप चिमूट करत होती. मी एका हातानं दुसरा हात घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात भोंग्यावरून भटजींचा आवाज आला, “मुलीच्या मामानं मुलीला मंडपात घेऊन यावं.” कोणी हललं नाही. पुन्हा आवाज आला, “मुलीचे मामा कुठं आहेत?” बायको धावत मागं आली.

“अवो, मुहूर्त टळून राहिला! इथं काय उभे राहिले?”

“बाईनं शिक्षा केली,” मी म्हटलं.

बायकोनं बाईकडं पाहिलं, बाईच्या हातातल्या करंजीकडं पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, “मंग राहा उभे! म्या केव्हाचीच म्हणतो याईचे हात बांधा म्हणून.” ती परत गेली आणि भोंग्यावर तिचाच आवाज आला, “मामा येऊन राहिले. पाच मिनिटं थांबा.”

नऊ कंगोरे झाले. नऊच्या नऊ वाकडे. बाईनं करंजी झाऱ्यावर ठेवली आणि स्वतः तेलात सोडली. एका बाजूनं ती उघडली, साखर जळून तिथं काळा डाग पडला. आचारी म्हणाला, “माय, दुसरी करून देऊ काय चांगली?” बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुऱ्यांकडं वळला.

आम्ही परत रुखवतापाशी आलो. वराची आत्या तिथंच उभी होती. बाईनं मोठ्या करंजीच्या शेजारी एक बशी ठेवली आणि बशीत ती लहान, डागाळलेली करंजी.

“मोठी माह्या भावाची,” ती म्हणाली. “ही माही.”

आत्यानं ती उचलली. उलटी करून पाहिली. नऊ कंगोऱ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग पर्समधून धुवट रुमाल काढला, करंजी त्यात बांधली आणि पर्समध्ये टाकली.

“ही मी घरी नेतो इहीनबाई. ते मोठी तुमी लेकराईले वाटून टाका.”

बाईनं तिचा हात धरला. डाव्या हातानं. मी मंडपाकडं पळत सुटलो, कारण आता भोंग्यावरून माझं आडनावसुद्धा घेणं चालू झालं होतं.

तर भाचीनं शिंपल्याचा तो फोटो पाठवला आणि मी तो बाईला पुढं धाडला. फोटो मोठा करून मी पुन्हा पाहिला तेव्हा दिसलं, शिंपल्याच्या कडेला एका कोपऱ्यात एक कंगोरा तुटका आहे. माझा अंगठा काचेवर त्याच्याकडं गेलाच होता, तेवढ्यात बाईचा फोन आला.

“पाह्यला काय रे फोटो? कोपऱ्यातला तुटका दिसला?”

“दिसला.”

“तो माहा हाय. हात नको लावू त्याले.”